कापूस, वार्ता आणि मुंबईचे निर्यातदार : एक ऐतिहासिक विवेचन

मुंबईच्या आर्थिक इतिहासात गिरण्या, रेल्वे व गोदी यांचा विचार सविस्तर झालेला आढळतो. परदेशातील भाव येथील निर्यातदारांना केव्हा व कोणाकडून कळत, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात कापूस निर्यातीच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

१८१३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची भारतीय व्यापारातील मक्तेदारी संपुष्टात आली. पुढे १८३६ मध्ये मुंबईत बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली आणि खाजगी पेढ्यांना विचारविनिमयासाठी व्यासपीठ मिळाले. त्यात भारतीय व्यापारी असले तरी प्रभाव युरोपीय पेढ्यांचाच होता. अर्थात खरी चर्चा सभागृहात नव्हे, तर उघड्या मैदानावर कापसाच्या गासड्यांमध्ये चाले. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला.

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) या चर्चेला विलक्षण महत्त्व आले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व मुंबईतील भाव कडाडले. लिव्हरपूलची बातमी तेव्हा टपालाच्या आगबोटीने येई. म्हणजे हाती पडेपर्यंत ती कित्येक आठवडे शिळी झालेली असे. तरीही ती इतरांच्या आधी मिळविणाऱ्यास मोठा नफा होई. प्रेमचंद रायचंद आगबोट बंदरास लागण्यापूर्वीच आपल्या होड्या समुद्रात पाठवून वार्ता मिळवीत, असे सांगितले जाते. कथेतील अतिशयोक्ती वगळली तरी बातमी हेच भांडवल होते, हे त्यातून स्पष्ट होते. १८६५ मध्ये इराणच्या आखातामार्गे तारेचा संपर्क सुरू झाला. परंतु तुर्कस्तानातून येणारे संदेश अनेकदा विलंबाने व अशुद्ध स्वरूपात पोहोचत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जनरल लीने शरणागती पत्करली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै रोजी वायद्यांची पूर्तता करताना अनेक पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही त्यातून सावरली नाही.

१८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे समुद्री तार मुंबईस पोहोचली. त्याच वर्षी खामगाव लोहमार्गाने जोडले गेले. आता लिव्हरपूलचा भाव निर्यातदारास थोड्याच वेळात कळू लागला. वऱ्हाडातील शेतकऱ्यास मात्र तो खरेदीदाराच्या तोंडूनच कळे, आणि खरेदीदार तो पूर्णपणे सांगेलच याची शाश्वती नव्हती. तेजीच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. मंदीनंतर तोच हात आखडला. १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांची कारणे अनेक होती व त्यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि कर्जाचा हा चढउतार त्यांतून वगळता येत नाही.

भारतीय व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर ही आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली. मनमोहनदास रामजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. चेंबर ऑफ कॉमर्सनंतर तब्बल ७१ वर्षांनी हे घडले. चर्चेत कोणास स्थान असावे, हा वाद त्यामुळे व्यापाऱ्यांपुरता बराचसा मिटला. कापूस पिकविणारा मात्र दोन्ही संस्थांच्या बाहेरच राहिला.