बाबांचा टेपरेकॉर्डर

परवा पनवेलच्या घरी माळा आवरताना बाबांचा टेपरेकॉर्डर सापडला. बेसचं बटण पार खाली, ट्रेबलचं वर. बाबा गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. मी कॉलेजात असताना हटकून 'लाउडनेस'चं बटण दाबायचो. ते येऊन बंद करायचे. "शब्द ऐकू येत नाहीत रे!" मला हसू यायचं.

त्या बटणामागे १९३३ सालचं संशोधन होतं. आवाज हळू केला की कानाला खर्ज जास्तच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं. ती तूट भरून काढायची, म्हणून लाउडनेस.

पुढे १९७९ मध्ये वॉकमन आला आणि गाणं कानातच आलं. पण हेडफोनमध्ये खर्ज किती असावा? २०१२च्या सुमारास हरमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हे ऐकणाऱ्यांनाच विचारायला सुरुवात केली. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर वाजतात, साधारण तसा आवाज बहुतेकांना आवडला. पुढच्या एका अभ्यासात असे ६४ टक्के निघाले. १५ टक्क्यांना खर्ज आणखी हवा होता, २१ टक्क्यांना कमी. या कमीवाल्यांत स्त्रिया आणि पन्नाशीपुढची मंडळी जास्त!

म्हणजे बाबांना गाण्यातलं कळत नव्हतं असं नाही. त्यांच्यासारखे पाचात एक असतातच. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

काल लेकीने तिचे हेडफोन माझ्या कानाला लावले. मी म्हणालो, "शब्द ऐकू येत नाहीत गं!" ती हसली.

असो. टेपरेकॉर्डरची बटणं मी हलवलेली नाहीत.