पाहुण्याला दिलेली पाळी

विहिरीवर पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि आपली पाळी कुणी सहजासहजी सोडत नाही. विद्यापीठातल्या संशोधन गटाकडे एखादं महागडं यंत्र असलं, की तिथेही हेच चालतं. दिवसा कोण, रात्री कोण, सुट्टीच्या दिवशी कोण, हे ठरलेलं असतं. आपल्याकडून पीएच.डी.साठी परदेशी गेलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, रात्री दोन वाजता यंत्रापाशी जागल्याच्या आठवणी तो सांगेल. १९८५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत, ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात, एका गटाने अशी पाळी एका पाहुण्याला दिली. त्यातून काय निघालं, त्याची ही हकिकत.

गटाचे प्रमुख होते रिचर्ड स्मॉली. त्यांचा विषय रेणूंचा वर्णपट. रेणूवर प्रकाश टाकला, की तो ठरावीक रंगच शोषून घेतो. त्यावरून त्याची घडण कळते. अडचण एवढीच, की नेहमीच्या तापमानाला रेणू गिरक्या घेत असतात, थरथरत असतात आणि वर्णपटाचा गुंता होतो. वायूचा झोत बारीक छिद्रातून निर्वात पोकळीत सोडला, तर तो कमालीचा गार होतो आणि गुंता सुटतो. ही युक्ती स्मॉलींनी शिकागोत असताना वापरली होती. १९७६ साली ते राइसला आले. तिथे रॉबर्ट कर्ल लेसरच्या साहाय्याने वर्णपटाचं काम करत होते, ते त्यांना हवंच होतं.

पुढे स्मॉलींनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून एक यंत्र उभं केलं. त्याचं नाव 'एपी-२'. कुठल्याही पदार्थाच्या तुकड्यावर लेसरचा ठोका मारायचा, उडालेली वाफ हेलियमच्या फुंकरीने पुढे न्यायची, ती गार होताना अणूंचे छोटे छोटे पुंजके बनतात ते दुसऱ्या लेसरने विद्युतभारित करायचे आणि त्यांचं वस्तुमान मोजायचं. सिलिकॉन, जर्मेनियम अशा अर्धवाहक पदार्थांच्या पुंजक्यांवर तिथे काम चालू होतं.

आता पाहुण्याकडे वळू. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाचे हॅरी क्रोटो हेही वर्णपटाचेच अभ्यासक, पण सूक्ष्मलहरींचे. कार्बन अणूंच्या लांबलचक साखळ्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात आधी प्रयोगशाळेत अभ्यासल्या आणि मग कॅनडातल्या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांच्या मदतीने थेट अंतराळात शोधल्या. कार्बनने समृद्ध अशा ताऱ्यांभोवती त्या बनत असाव्यात, असा क्रोटोंचा कयास होता. १९८४ साली टेक्सासमधल्या परिषदेनंतर कर्ल त्यांना ह्यूस्टनला घेऊन आले. यंत्र पाहताच क्रोटोंच्या मनात आलं, की यात ग्रॅफाइट ठेवून बघावं, ताऱ्याभोवतालची परिस्थिती इथेच तयार होईल.

कर्ल उत्सुक होते, स्मॉली फारसे नव्हते. एक्झॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तशाच धर्तीच्या यंत्रावर कार्बन तपासून झाला होता. मग आपल्या विद्यार्थ्यांचं चालू काम थांबवायचं कशासाठी? मला यात स्मॉलींचं चुकलं असं वाटत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची काळजी गटप्रमुखाने करायची नाही, तर कोणी? क्रोटो वर्षभराहून अधिक काळ थांबले. अखेर १९८५च्या ऑगस्टमध्ये कर्ल यांचा फोन गेला आणि क्रोटो तातडीने ह्यूस्टनला येऊन दाखल झाले.

यंत्र चालवत होते ते जेम्स हीथ, शॉन ओब्रायन आणि युआन लिऊ हे विद्यार्थी. पाहुणे त्यांच्या शेजारी बसून आकडे पाहत. साखळ्या तर मिळाल्याच, पण ६० अणूंच्या जागी आलेखाचं एक शिखर सारखं डोकं वर काढू लागलं. ४ सप्टेंबरला त्याची वहीत नोंद झाली. खरं तर एक्झॉनच्या १९८४च्या आलेखातही ते शेजाऱ्यांपेक्षा जरा उंच होतं, पण त्याच्यापाशी कोणी थांबलं नव्हतं. इथे मात्र शुक्रवारच्या बैठकीत ठरलं, की या शिखराचाच पाठपुरावा करायचा. शनिवार-रविवार विद्यार्थ्यांनी हेलियमचा दाब आणि वेळ बदलत काढला. सोमवारी ते शिखर शेजाऱ्यांच्या कित्येक पट उंच झालं होतं.

६० अणू एवढे सुखाने एकत्र कसे राहतात? हीथ यांनी पत्नीच्या मदतीने दात कोरायच्या काड्या आणि गोळ्या जोडून पाहिल्या, जमेना. ९ सप्टेंबरच्या रात्री स्मॉली घरी कागदाचे षटकोन कापत बसले. नुसत्या षटकोनांनी कागद वळेना. मध्ये पंचकोन घातले आणि तो गोल वळला : १२ पंचकोन, २० षटकोन, बरोबर ६० टोकं. दुसऱ्या दिवशी गणित विभागाकडून निरोप आला, की हा तर फुटबॉल आहे!

'नेचर'मध्ये १४ नोव्हेंबर १९८५ला निबंध छापून आला, त्यावर पाच नावं होती : क्रोटो, हीथ, ओब्रायन, कर्ल, स्मॉली. लिऊ यांचं नाव आभारात. १९९६ साली नोबेल मिळालं ते क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना. ते तिघांहून अधिक जणांत वाटलं जात नाही, आणि मधल्या दोन नावांना जागा उरली नाही. नियम म्हणून हे ठीक असेल, पण वही कुणाच्या अक्षरात भरली, हे नियमाला कळत नाही. पंचकोनाची कल्पना आधी कोणी बोलून दाखवली, यावरून पुढे क्रोटो आणि स्मॉली यांच्यातही दुरावा आला. दोघांनी त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या, त्या जुळत नाहीत. दहा दिवस एकाच खोलीत बसलेली माणसं, पण प्रत्येकाचा सोमवार वेगळा!

स्मॉली २००५ साली गेले, क्रोटो २०१६ साली, कर्ल २०२२ साली. ज्या कुतूहलापायी क्रोटो ह्यूस्टनला आले होते, त्याचं उत्तर त्यांना हयातीत मिळालं. २०१० साली स्पिट्झर दुर्बिणीला एका मरणासन्न ताऱ्याभोवतीच्या वायूत हाच फुटबॉल आढळला. आणि २०१५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठातल्या जॉन मायर यांच्या गटाने या रेणूच्या आयनाचा वर्णपट कमालीच्या थंडीत मोजला, तो ताऱ्यांच्या प्रकाशात दिसणाऱ्या जुन्या, न उलगडलेल्या पट्ट्यांशी जुळला. त्या प्रयोगात आयनाला चिकटवला होता हेलियमचा एक अणू.