अवकल कारक व संगणकीय बीजगणित

अवकल कारक : फलनावर अवकलनाची क्रिया करणारे चिन्ह. यांतील सर्वांत साधा कारक ‘डी’ हा असून क्ष या चलाच्या वर्गावर तो लावला असता २क्ष हे फलन मिळते. हे चिन्ह फलनापासून सुटे करून त्याच्याशी बीजगणितातील राशीप्रमाणे व्यवहार करता येईल, हा विचार फ्रेंच गणिती ल्वी आर्बोगास्ट यांनी १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला.

चिन्ह ही राशी नसून क्रिया आहे, ही त्यातील खरी अडचण होय. फलनाला आधी क्ष ने गुणून मग अवकलन केले, तर आधी अवकलन करून मग गुणल्याने मिळते त्याहून वेगळे उत्तर येते. दोहोंतील फरक म्हणजे मूळ फलनच. म्हणून डी·क्ष = क्ष·डी + १ असे लिहितात. गुणाकाराची क्रमनिरपेक्षता येथे लोपते. जॉर्ज बूल यांनी १८४४ मधील निबंधात अशा चिन्हांचे नियम पद्धतशीरपणे हाताळले व त्याबद्दल त्यांना रॉयल सोसायटीचे पदक मिळाले. याच सोसायटीने ऑलिव्हर हेव्हिसाइड यांच्या कारकांवरील लेखमालेचे दोन भाग छापले, पण तिसरा सिद्धतेच्या अभावी नाकारला. हेव्हिसाइड यांची उत्तरे बहुधा बरोबर असत, ती का बरोबर येतात हे मात्र त्यांना गणितज्ञांना पटेल अशा रीतीने सांगता येत नव्हते. सोसायटीचा निर्णय नियमाला धरून होता; दूरदर्शी होता असे म्हणवत नाही.

नॉर्वेजियन गणिती ऑइस्टेन ओरे यांनी १९३३ मध्ये अशा क्रमसापेक्ष बहुपदींचा व्यापक सिद्धांत दिला. त्यांत बाकी ठेवून भागाकार करता येतो आणि यूक्लिडच्या रीतीने सामाईक विभाजकही काढता येतो. फक्त उजवीकडचा विभाजक व डावीकडचा विभाजक यांत भेद करावा लागतो.

संगणकाकरवी अवकलन करण्याचे प्रयत्न १९५३ पासूनचे आहेत. तथापि आज्ञावलीत साधे गुणाकारचिन्ह वापरल्यास संगणक डी·क्ष व क्ष·डी एकच समजतो आणि कोणतीही सूचना न देता चुकीचे उत्तर छापतो. यास्तव मॅक्सिमा व मॅथेमॅटिका या प्रणालींत क्रमसापेक्ष गुणाकाराचे चिन्ह वेगळे असते, तर रिड्यूसमध्ये चिन्हे क्रमसापेक्ष असल्याचे आधी घोषित करावे लागते.

अवयव पाडणे त्याहून अवघड. संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. कारकांचे तसे नाही. ‘डी’ चा वर्ग हा डी·डी तर आहेच, शिवाय (डी + १/क्ष)(डी − १/क्ष) हाही त्याचाच अवयवसमूह आहे. क्ष च्या जागी क्ष + १, क्ष + २ घालीत गेल्यास असे अनंत समूह मिळतात. परिमेय फलने सहगुणक असलेल्या कारकांसाठी मार्क व्हान हूय यांनी १९९७ मध्ये कार्यक्षम रीत प्रसिद्ध केली व ती मेपल प्रणालीत उपलब्ध आहे.

डोरॉन झाइलबर्गर यांनी १९९० मध्ये दाखविले की, विशेष फलनांची अनेक नित्यसमीकरणे ती फलने शून्य करणाऱ्या कारकांवरून यांत्रिकपणे सिद्ध करता येतात. जॉर्ज अँड्रूज व डेव्हिड रॉबिन्स यांचे समचितीय विभाजनांविषयीचे अनुमान झाइलबर्गर, मानुएल काउअर्स व क्रिस्टोफ कूचान यांनी २०११ मध्ये सिद्ध केले, ते अवकल कारकांच्या भावंडांचा, म्हणजे पुनरावर्तन कारकांचा, आधार घेऊन. त्या सिद्धतेतील समीकरणे इतकी प्रचंड आहेत की, त्यांची पडताळणीही संगणकावरच करावी लागते.