शिलालेखांत नसलेला वसंत : पुनावळे परिसराच्या निमित्ताने एक ऋतुविषयक टिपण

१

उष्ण प्रदेशात वसंत आला हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा वाटतो. परंतु तो इतिहासाचाही आहे. युरोपातील वसंत बर्फ वितळण्याने कळतो. आपल्या दख्खनच्या पठारावर वितळण्यासारखे काही नसते. येथे माघ-फाल्गुनात हवा कोरडी होते, ओढे आटू लागतात, झाडे पाने गाळतात. आणि नेमक्या त्याच सुमारास उघड्या पडलेल्या फांद्यांवर पळस, पांगारा व काटेसावर यांची तांबडी फुले उमलतात. सुबत्तेच्या नव्हे, तर पाण्याच्या टंचाईच्या काळात येणारा हा बहर आहे. अशा ऋतूची नोंद आपल्या पूर्वजांनी कोठे केली व कोठे केली नाही, आणि त्या न केलेल्या नोंदीचा आजच्या काळाशी काय संबंध पोचतो, याचा थोडक्यात विचार करण्याचे योजिले आहे.

विवेचनासाठी पवनेकाठचे पुनावळे हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. मावळ-मुळशीच्या पूर्व कडेला वसलेले हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. जांबे, पिंपरी, पिंपळे, चिंचवड ही आसपासची ग्रामनामे ऐकताच झाडांची आठवण व्हावी, असा हा मुलूख. पिंपरीस १९५४ मध्ये पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढील काही दशकांत पिंपरीपासून चाकणपर्यंतचा पट्टा कारखान्यांनी व्यापला. ज्या भूमीत ऋतुचिन्हे झपाट्याने बदलली, तेथेच त्यांच्या नोंदीचा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो.

२

पुनावळ्याच्या वायव्येस, त्याच मावळ प्रांतात, कार्ल्याची लेणी आहेत. शिलालेखांत त्या स्थानाचे नाव ‘वलूरक’ असे येते. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या राज्यवर्षी तेथील संघास गाव दान दिल्याचा लेख आहे. त्याचा काळ ग्रीष्माचा पाचवा पक्ष, दिवस पहिला, असा दिलेला आहे. त्याच राजाच्या एकोणिसाव्या वर्षीचा, गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेण्यात कोरविलेला प्रसिद्ध लेख ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षातील तेराव्या दिवसाचा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या वर्षीच्या लेखात वर्षाऋतूचा पक्ष सांगितला आहे. पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षीच्या कार्ले येथील लेखात हेमंताचा. वर्षाचे तीन ऋतू, प्रत्येक ऋतूचे चार महिने, आणि म्हणून प्रत्येकाचे आठ पक्ष, अशी ही गणना आहे. ही पद्धती सातवाहनांबरोबर लगेच लोपली नाही. वाकाटक विंध्यशक्ती द्वितीय याच्या वाशीम ताम्रपटातही हेमंताचा पहिला पक्ष व चौथा दिवस असाच निर्देश आहे.

या गणनेत वसंताला जागा नाही. येथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. फाल्गुनी पौर्णिमेनंतर ग्रीष्माचा आरंभ धरला, तर बलश्रीच्या लेखातील ग्रीष्माचा दुसरा पक्ष म्हणजे चैत्र शुद्ध पक्ष होतो, आणि तेरावा दिवस म्हणजे चैत्र शुद्ध त्रयोदशी. ज्या दिवसास कोणताही संस्कृत कवी ऐन वसंतातला म्हणेल, त्या दिवसास सातवाहनांचा लेखक ग्रीष्म म्हणतो. लेखकाला वसंत ठाऊक नव्हता असे मात्र नाही. तैत्तिरीय संहितेत मधु व माधव हे वसंताचे महिने सांगितलेले आहेत, आणि सहा ऋतूंची कल्पना तोवर पुष्कळ जुनी झाली होती. तेव्हा दानपत्राच्या कामी वसंताची गरज पडत नव्हती, एवढाच अर्थ यातून निघतो.

३

आता त्याच सातवाहनांच्या नावाशी निगडित असलेल्या दुसऱ्या साधनाकडे वळू. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातील असून स. आ. जोगळेकर यांनी तिची मराठी आवृत्ती १९५६ मध्ये सिद्ध केली. या संग्रहात वसंत जागोजाग आहे. आणि तो राजोद्यानातला नाही, गावकुसाजवळचा आहे. आंब्याचा मोहोर पाहून प्रवासी पतीच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या स्त्रिया तेथे भेटतात. फाल्गुनोत्सवात एकमेकांवर चिखल फेकण्याचा निर्देश तेथे आहे. आजच्या धुळवडीचा हा जुना पुरावा होय. एका गाथेत पोपटाच्या चोचीसारखी पळसफुले भूमीवर विखुरलेली असून, बुद्धाच्या चरणी भिक्षुसंघ दंडवत पडावा तशी ती भूमी शोभते, अशी कल्पना आहे. लेण्यांतील संघास दाने देणाऱ्या समाजालाच ती सुचावी, यात नवल नाही.

पळसाचे निरीक्षणही अचूक आहे. त्याच्या पाकळीची वक्र चोच, फुले फांदीवर असतानाच होणारा जमिनीवरचा सडा, आणि त्या वेळी झाडावर पानांचा अभाव, ही तिन्ही लक्षणे ज्याने रान पाहिले आहे त्यालाच दिसतील. म्हणजे ज्या काळातील शिलालेख वसंताविषयी मौन पाळतात, त्याच परंपरेतील गाथा त्याची बारीकसारीक चिन्हे टिपून ठेवतात. दप्तरात तीन ऋतू आणि काव्यात सहा, ही दुहेरी व्यवस्था महाराष्ट्रात इतकी जुनी आहे.

४

हीच व्यवस्था पुढेही टिकली. मराठेशाहीच्या कागदांत जो सुहूर सन वापरलेला दिसतो, त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे सांप्रत जूनच्या ७-८ तारखेच्या सुमारास होतो. म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणतात. धार्मिक वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस सुरू होत असले, तरी वसुलीचे वर्ष पावसाबरोबर सुरू होई. शेतकऱ्याची नक्षत्रेही मृगापासूनची, पावसाची. त्याच्या बोलण्यात पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा हे तीनच काळ येतात. ‘वसंत’ हा शब्द त्याला पुराणिकाकडून व कीर्तनकाराकडून ऐकून ठाऊक. पक्ष्यांच्या बाबतीतही हाच भेद आढळतो. कवींचा पक्षी कोकिळ. कुणब्याचा पक्षी पावशा, ज्याच्या ओरडण्यात त्याला ‘पेरते व्हा’ असा आदेश ऐकू येतो.

इंग्रजी अमदानीत या त्रिविध विभागणीस नवी मान्यता मिळाली. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हवामानाचे वर्णन थंडी, उन्हाळा व पाऊस अशा विभागांनीच केलेले आहे. पुढे १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. आज ते खाते वर्षाचे चार भाग पाडते : जानेवारी-फेब्रुवारीचा हिवाळा, मार्च ते मे हा मोसमी पावसापूर्वीचा काळ, जून ते सप्टेंबर पावसाळा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसानंतरचा काळ. ज्या महिन्यांत वसंत असावयाचा, त्यांची ओळखसुद्धा येणाऱ्या पावसावरून होते. ही विभागणी चुकीची नाही. ज्या देशाचे पोट मोसमी वाऱ्यांवर अवलंबून आहे, तेथे ती अपरिहार्यच होती. परंतु नोंदवहीत ज्याचा रकाना नाही, त्याचा तोटाही हिशेबात येत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये.

५

येथे एक आक्षेप संभवतो. पंचांगात तर वसंत आहेच : चैत्र व वैशाख. मग नोंद नाही असे कसे म्हणावे? या आक्षेपाचे उत्तर अयनचलनात आहे. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरतो. निरयन व सायन गणना जुळत होत्या त्या काळापासून आजवर सुमारे चोवीस अंशांचे अंतर पडले आहे. त्यामुळे वसंतसंपात २१ मार्चच्या आसपास होत असला, तरी निरयन मेषसंक्रांत एप्रिलच्या १४ तारखेच्या सुमारास येते, आणि चांद्रमास या निरयन संक्रांतींना बांधलेले असल्याने तेही उन्हाळ्याकडे ढकलले गेले आहेत. पुण्याकडे एप्रिल हा सर्वांत तापलेल्या महिन्यांपैकी एक. पंचांगाचा वसंत नेमका त्यावर येऊन बसतो. उलट वसंतपंचमी माघात, म्हणजे पंचांगाच्याच हिशेबाने शिशिरात पडते! मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात ही विसंगती ओळखून फाल्गुन व चैत्र हे वसंताचे महिने धरले, आणि तिच्या शिफारशींवर आधारलेले राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून अमलात आले. पळस व काटेसावर यांची साक्ष काढली असती, तर त्यांनीही समितीच्याच बाजूने कौल दिला असता. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये, म्हणजे याच सुमारास प्रसिद्ध झाले, हा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे.

लोकव्यवहाराने मात्र या गणिताची वाट पाहिली नाही. त्याने वसंत सणांमध्ये वाटून ठेवला. चिंचवडची पालखी माघात मोरगावास जाते. रब्बीची सुगी सरत येते तेव्हा शिमगा येतो. देहूची बीज फाल्गुन वद्य द्वितीयेस. त्या दिवशी मध्यान्ही नांदुरकीचा वृक्ष थरथरतो अशी वारकऱ्यांची श्रद्धा, आणि हजारोंच्या नजरा एका झाडाकडे लागलेल्या असतात. पाडव्यास कडुनिंबाची कोवळी पाने व फुले खावयाची, ती त्याच वेळी झाडावर असतात म्हणून. चैत्रगौरीस कैरीची डाळ व पन्हे. चैत्री पौर्णिमेस पुनावळ्याच्या शेजारी हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचे बगाड निघते. मावळातील भातशेतकरी याच दिवसांत पालापाचोळा व शेण पसरून रोपांसाठी राब भाजतो. ही सारी वसंताची चिन्हेच आहेत. परंतु ती तिथीने बांधलेली आहेत. झाड फुलण्यास दहा दिवस अलीकडे आले की पलीकडे गेले, हे सणावरून कळत नाही.

६

अन्यत्र ही उणीव व्यक्तींनी व संस्थांनी भरून काढली. जपानात क्योतो येथील चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या रोजनिशांतून गोळा करता आल्या. म्हणूनच २०२१ मधील २६ मार्चचा पूर्ण बहर बाराशेहून अधिक वर्षांतील सर्वांत लवकरचा, असे सांगता आले. इंग्लंडात नॉरफॉक परगण्यातील रॉबर्ट मार्शम याने १७३६ पासून वसंतचिन्हांच्या तारखा लिहिण्यास आरंभ केला व त्याच्या वंशजांनी ती परंपरा १९५८ पर्यंत चालविली. आपल्याकडे गाथाकारांची दृष्टी होती. तारीख लिहिण्याची सवय नव्हती. दप्तरात तारीख होती, पळस नव्हता.

या उणिवेची किंमत पुनावळ्यात नुकतीच दिसून आली. गावाजवळील वनजमिनीवर महापालिकेचा कचरा डेपो करण्याची योजना अनेक वर्षे रेंगाळली होती. रहिवाशांनी तिला विरोध केला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती रद्द करीत असल्याचे मंत्र्यांनी विधिमंडळात जाहीर केले. अशा वादांत दुर्गंधी, आरोग्य व घरांच्या किमती हे मुद्दे सहज मांडता येतात, कारण त्यांना मोजमाप आहे. एखाद्या टेकडीवर कोणती झाडे कोणत्या पंधरवड्यात फुलतात, कोकिळ केव्हा बोलू लागतो, मोहोर केव्हा येतो, याची पन्नास वर्षांची वही जर कोणापाशी असती, तर तीही पुराव्यादाखल पुढे ठेवता आली असती.

सारांश, दख्खनच्या वसंताला दोन हजार वर्षे काव्यात व सणांत मानाचे स्थान मिळाले, पण दप्तरात मिळाले नाही. तीन ऋतूंची गणना प्रशासनास पुरेशी होती, आणि जी गोष्ट प्रशासनास लागत नाही ती लिहून ठेवण्याची प्रथा पडली नाही. हा दोष दूर करणे फारसे खर्चाचे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील पळस, काटेसावर, आंबा व कडुनिंब यांपैकी एकेक झाड नेमून घ्यावे आणि पहिले फूल, पूर्ण बहर व नवी पालवी यांच्या तारखा दरवर्षी विभागाच्या वहीत लिहाव्यात. शिलालेख कोरणाऱ्यांनी पक्ष आणि दिवस इतक्या काटेकोरपणे दिला, की आज त्यावरून तिथी काढून पाहता येते. तोच काटेकोरपणा पळसाच्या वाट्यास आला, तर पुढील संशोधकास या ऋतूचा इतिहास केवळ गाथांवरून लिहावा लागणार नाही.