क्रूझ जहाजांवरील जलव्यवस्थापन

प्रवासी जहाजावर गोडे पाणी मिळवणे, ते काटकसरीने वापरणे आणि सांडपाणी शुद्ध करून सोडणे, ही एकत्रित व्यवस्था. तिचा संबंध किनाऱ्यावरील गावांशीही येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील केळशी या गावाला क्रूझ जहाज लागत नाही. पण मुंबई–गोवा जलमार्ग याच किनाऱ्यासमोरून जातो. त्यावर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली, पुढे ‘कॉर्डेलिया’ आली.

जहाजावर लागणारे काही पाणी बंदरातून भरून घेतात, बाकीचे समुद्रातूनच काढतात. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर, कमी दाबाखाली खारे पाणी उकळून वाफेचे पाणी करतात, किंवा उच्च दाबाने ते सूक्ष्म पडद्यातून गाळतात. पिण्यापूर्वी त्यात क्षार व क्लोरीन मिसळावे लागते. निर्वात शौचालयांना दर वेळी सुमारे एक लिटर पाणी पुरते.

जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टानुसार (अंमल २००३) प्रक्रिया न केलेले मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे २२ किमीपलीकडे, जहाज किमान ४ नॉट वेगाने चालत असताना हळूहळू सोडता येते; बारीक करून निर्जंतुक केलेले ३ मैलांपलीकडे. कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार, सोडायच्या तेलकट पाण्यात तेल दशलक्ष भागांत १५ भागांहून अधिक चालत नाही. मात्र न्हाणीघर, धुलाईघर व भटारखान्याचे पाणी, जे प्रमाणाने सर्वांत जास्त असते, ते चौथ्या परिशिष्टाच्या कक्षेत येत नाही. ही कराराची मोठी उणीव होय. भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या केळशीसारख्या मासेमारीच्या गावांना मैलांचे हे अंतर दिलासा देते, पूर्ण हमी नव्हे. भरती-प्रवाहांना सागरी मैलांची रेषा ठाऊक नसते.