खांद्याच्या उंचीचा दगड

मद्रासच्या उत्तरेस, समुद्र आणि खाडी यांच्या सांध्यावर एन्नोर हे गाव वसलेले आहे. १८०६ साली मद्रासपासून येथवर एक कालवा खोदण्यात आला. बेसिल कॉक्रेन या व्यापाऱ्याने त्यासाठी पैसा पुरविला. पुढे या कालव्याची लांबी उत्तरेस आणि दक्षिणेस वाढत गेली आणि १८७८ पासून तो बकिंगहॅम कालवा म्हणून ओळखला जाऊ लागला. मीठ आणि जळाऊ लाकूड या पाण्यावरून नावांनी मद्रासला जात असे. परंतु ज्याच्यापाशी नाव नव्हती, बैलगाडीही नव्हती, त्याने काय करावयाचे? त्याने आपला माल डोक्यावर घ्यावयाचा आणि वाट तुडवावयाची. या माणसासाठी रस्त्याने काय केले, हा इतिहासाचा एक उपेक्षित पण मोठा बोलका भाग आहे.

डोक्यावरचे ओझे वाहण्यापेक्षाही कठीण असते ते उतरविणे आणि पुन्हा चढविणे. त्याला दुसऱ्याचा हात लागतो. वाटेने एकटा निघालेला माणूस कितीही थकला तरी पाटी जमिनीवर ठेवू शकत नाही. कारण एकदा ठेवलेली पाटी पुन्हा डोक्यावर कोण देणार? तमिळ मुलखाने या अडचणीवर एक साधा तोडगा काढला. वाटेच्या कडेला दोन उभे दगड रोवावयाचे आणि त्यांवर एक आडवा दगड ठेवावयाचा. त्याची उंची माणसाच्या खांद्याबरोबर. वाटसरूने जवळ जावे, मान किंचित कलती करून ओझे दगडावर सरकवावे, घाम पुसावा आणि कोणाचीही विनवणी न करता तेच ओझे पुन्हा डोक्यावर घ्यावे. याचे नाव सुमैतांगी. म्हणजे ओझे पेलणारा. गरोदरपणी किंवा बाळंतपणात मृत्यू पावलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ तिचे आप्त असा दगड उभारीत. जिचा भार उतरला नाही, तिच्या नावाने इतरांचा भार उतरावा, ही त्यामागची भावना.

मराठी माणसाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. डोके आणि पाटी यांच्यामध्ये चुंबळ ठेवणाऱ्या समाजाला ओझ्याचे दुःख ठाऊक होते. गावोगावच्या पिंपळाला बांधलेला पार आणि उन्हाळ्यात घातलेली पाणपोई ही त्याच जाणिवेची रूपे होत. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचे पाणी नळाने पुण्यात आले आणि पेठांतील हौदांवर ते सर्वांना मिळू लागले. मुंबईत मशीद बंदराजवळ केशवजी नायक यांच्या नावाचे कारंजे १८७६ साली खुले झाले. मुंबईच्या अनेक जुन्या पाणपोयांत माणसांसाठी वर आणि जनावरांसाठी खाली, अशी पाण्याची निराळी सोय आढळते. बांधणाऱ्याने पिणाऱ्याची उंची आधी पाहिली होती.

हे शहाणपण केवळ आपल्याकडचेच होते, असेही नाही. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर १८६१ साली स्लेनी नावाच्या पार्लमेंटच्या सदस्याच्या सूचनेवरून हमालांसाठी खांद्याच्या उंचीची एक फळी खांबांवर बसविण्यात आली. तमिळ खेड्यातला पाथरवट आणि लंडनची नगरसमिती यांची कधी गाठ पडली नव्हती. तथापि दोघांनीही माप घेतले ते एकाच ठिकाणी, म्हणजे थकलेल्या माणसाच्या खांद्यापाशी.

पुढे चाके वाढली, वेग वाढला आणि रस्त्याचे माप बदलले. रुंदी, वळण, चढ हे सारे वाहनाच्या हिशेबाने ठरू लागले. पायी चालणारा कडेला गेला आणि कडेवरही दिव्याचे खांब, विजेच्या पेट्या आणि उभी वाहने आली. पूर्वी जे धर्म म्हणून होत असे, ते आता नियम म्हणून लिहून काढणे भाग पडले. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ साली स्थापन झाली. परंतु पादचाऱ्यांच्या सोयींविषयीची तिची स्वतंत्र मार्गदर्शिका निघावयास १९८८ साल उजाडले. २०१२ साली ती सुधारण्यात आली. पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची वाट मोकळी असावी. त्याची कड १५० मिलिमीटरांहून उंच नसावी. बाक, झाडे आणि खांब यांसाठी निराळा पट्टा राखावा, असे ती सांगते. हे आकडे कोरडे वाटतात. पण एक दोन चाकांच्या खुर्च्यांना शेजारून जाऊ देतो आणि दुसरा म्हाताऱ्या गुडघ्याची कुवत जाणतो. जपानातील सेइइची मियाके यांनी अंधांसाठी योजलेली उंचवट्यांची फरशी १९६७ साली ओकायामा येथे प्रथम बसविली गेली. तिनेही पावलांनाच वाट विचारली.

मद्रासचे चेन्नई झाले. २०१४ साली त्या शहराने पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी धोरण स्वीकारले आणि वाहतुकीवरील खर्चापैकी किमान ६० टक्के रक्कम त्यांच्या सोयींसाठी योजावी, असे ठरविले. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शिका तयार केली. चेन्नईच्या पाँडी बाजारात २०१९ साली रुंद, फरसबंद पदपथ आणि बसावयास बाक आले आणि लोक तेथे आनंदाने फिरू लागले.

एन्नोरचा परिसर २०११ पासून चेन्नई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. म्हणजे ते धोरण एन्नोरचेही आहे. पण त्या बाजूच्या रस्त्यावर बंदरांकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांचे राज्य आहे. अशा नियमांची खरी परीक्षा सुशोभित बाजारपेठेत होत नाही. ती मासळीची पाटी घेऊन गाड्यांच्या शेजारून चालणाऱ्या बाईच्या वाटेवर होते. सुमैतांगी उभारणाऱ्यांपाशी ना नकाशा होता, ना मार्गदर्शिका. दगड किती उंच असावा, हे विचारण्यासाठी ते ओझे वाहणाऱ्याजवळ गेले होते, इतकेच.