लायडारच्या अंशशोधनाला निर्मळ हवेचा आधार

हवेत तरंगणाऱ्या धूळ, धूर, समुद्री मीठ आदींच्या सूक्ष्मकणांना शास्त्रज्ञ 'एरोसोल' म्हणतात. जमिनीलगतचे कण गाळणकागदावर जमा करून त्यांचे वजन करता येते. काही किलोमीटर उंचीवरील कणांचे थर मात्र 'लायडार' या उपकरणाने दुरूनच मोजावे लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९८०च्या दशकातच आर्गॉन-आयन लेसरच्या साहाय्याने अशी निरीक्षणे सुरू केली होती.

आजचे बहुतेक लायडार लेसर प्रकाशाचे क्षणिक स्पंद सोडतात. कणांवर आदळून परतलेला प्रकाश दुर्बीण टिपते आणि प्रकाशाला लागलेल्या वेळावरून थराची उंची कळते. परंतु परतलेला प्रकाश नोंदला जातो तो केवळ विद्युतसंकेत म्हणून. लेसरची शक्ती घटली किंवा आरशावर धूळ साचली, तरी हा संकेत क्षीण होतो आणि कण कमी झाल्याचा भास होतो. म्हणूनच उपकरणाचे अंशशोधन, म्हणजे त्याच्या आकड्यांची ज्ञात प्रमाणाशी पडताळणी, अपरिहार्य ठरते.

हे प्रमाण हवाच पुरवते. नायट्रोजन व ऑक्सिजनचे रेणू किती प्रकाश विखुरतात, हे तापमान व दाबावरून रॅले यांच्या सिद्धांतानुसार काढता येते. जेथे एरोसोल जवळजवळ नाहीत अशा उंचीवरील संकेत या गणिताशी जुळवला, की उपकरणाचा स्थिरांक मिळतो. मात्र ती हवा खरोखर निर्मळ नसेल, तर चूक सर्व थरांच्या मोजमापात उतरते.

'कॅलिप्सो' या उपग्रहाबाबत नेमके हेच घडले. अमेरिका व फ्रान्स यांनी एप्रिल २००६ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाने २०२३ पर्यंत निरीक्षणे केली. त्याच्या ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लायडारसाठी प्रारंभी ३० ते ३४ किलोमीटर उंचीवरील हवा प्रमाण मानली होती. तेथेही थोडे एरोसोल असल्याचे आढळल्यावर २०१०च्या दशकातील चौथ्या आवृत्तीत हा पट्टा ३६ ते ३९ किलोमीटरवर नेण्यात आला. तेथील संकेत फारच क्षीण असल्याने अनेक प्रदक्षिणांमधील नोंदींची सरासरी घ्यावी लागली. या बदलामुळे रात्रीच्या मोजमापांत सुमारे ३ टक्के वाढ झाली.

दिवसा सूर्यप्रकाशाच्या गोंगाटात रेणूंचा संकेत हरवतो. त्यामुळे रात्रीच्या अंशशोधनाचाच आधार दिवसाच्या नोंदींना द्यावा लागला. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीला रेणूंचे प्रकीर्णन सुमारे सोळापट कमी असल्याने तेथे उंचावरील हिमकणांचे ढग प्रमाण म्हणून वापरले गेले.

मे २०२४ मध्ये प्रक्षेपित झालेल्या युरोप व जपानच्या 'अर्थकेअर' उपग्रहावरील लायडार रेणूंचा आणि कणांचा प्रकाश वेगवेगळा मोजतो. मात्र हे दोन प्रकाश एकमेकांत किती मिसळतात, याची पडताळणी त्यालाही करावी लागते.

एरोसोल पृथ्वीला किती थंड वा उष्ण करतात, याचा अंदाज अशाच नोंदींवर बेतलेला असतो. वर्षानुवर्षांत हवेतील कण खरोखर वाढले की केवळ उपकरण बदलले, याचे उत्तर अंशशोधनाखेरीज मिळत नाही.